एकदा ओढला म्हणजे ओढला

आमच्या राळेगावात देवाने किंवा माणसाने घडवलेली अशी एकही वस्तू नसेल, जिची प्रत आमच्या शेजारच्या ग्रेडरकाकांनी ठरवून ठेवलेली नाही. कापूस हा तर त्यांचा धंदाच होता. उभी हयात त्यांनी सरकारी खरेदी केंद्रावर कापसाचे ग्रेडर म्हणून काढली. कापसाची गाडी आली की काका ढिगात कोपरापर्यंत हात घालत, आतून चिमूटभर कापूस काढत, दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढत आणि तुटलेल्या धाग्याकडे क्षणभर पाहून निकाल देत. "लांब." "मध्यम." "आखूड." आणि कापूस अगदीच किडका, डागी असला तर तोंड वाकडं करून "कवडी". त्या एका शब्दावर समोरच्या माणसाची वर्षभराची मेहनत कोणत्या ढिगात पडायची ते ठरत असे. काका निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्यांची बोटं काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. चहाचा कप समोर आला की ते पिण्याआधी बोटाला चहा लावून बोटं एकमेकांवर घासत आणि काकूंना सांगत, "आज मध्यम हाये." काकूही कसलेल्या. त्या म्हणत, "मंग मध्यमच प्या. लांब धाग्याचा आपल्या घरी नाई येत."

गावात कुणाच्या मुलीला स्थळ सांगून आलं की मुलगा पाहायला काकांना आवर्जून न्यायचे. काका पोहे खात एका कोपऱ्यात बसत, मुलाला एकही प्रश्न विचारत नसत, आणि बाहेर पडल्यावर मुलीच्या बापाला बाजूला घेऊन म्हणत, "धागा लांब हाये, पण ओलावा जास्त." म्हणजे मुलगा चांगला आहे, पण पितो. हा अंदाज इतक्या वेळा खरा ठरला, की पुढे पुढे आमच्याकडची पिणारी मुलं काकांना पाहूनच चहा न घेता उठू लागली. मी नोकरीच्या निमित्ताने या गावात आलो आणि काकांच्या शेजारची खोली घेतली, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात उभं करून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि काकूंना आवाज दिला, "मास्तर मध्यम हाये, पण कचरा नाई." वीस वर्षं मी हा शिक्का घेऊन वावरतो आहे. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

काकांचे धंद्यातले नियम दोन. पहिला, माल आणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही. "तोंड पायलं का हात खोटं बोलते," असं ते म्हणत. दुसरा, एकदा ओढला म्हणजे ओढला. त्याच कापसाला दुसऱ्यांदा हात लावायचा नाही. या दुसऱ्या नियमाचा दाखला म्हणून ते एक गोष्ट फार अभिमानाने सांगत. कुठल्याशा खेड्यावरून एक म्हातारी बाई आपला कापूस घेऊन आली होती. काकांनी ओढला आणि "आखूड" म्हणाले. बाई भांडली नाही, रडली नाही. तिथेच उभी राहून एवढंच म्हणाली, "साहेब, पुन्हा एकदा पाहता का?" काकांनी मान वर न करता तिला सांगितलं, "एकदा ओढला म्हंजे ओढला, बाई." आणि पुढची गाडी बोलावली. "एकाले दुसऱ्यांदा पायलं असतं तं रांगेतल्या साऱ्यायनं तेच मागतलं असतं," ही या गोष्टीची समाप्ती. मी ती निदान पंचवीस वेळा ऐकली असेन, आणि प्रत्येक वेळी मला ते पटलंही होतं.

अशा माणसाच्या वाट्याला दुखणं आलं तेही असं, की ज्याला हातच लावता येत नाही. लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून काकूंनी त्यांना बळेच माझ्याबरोबर यवतमाळला पाठवलं. तिथे रक्त तपासलं, पीएसए नावाचा आकडा खूपच जास्त, अठरा निघाला, मग सुईने तुकडा काढून तपासला, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर असल्याचं नक्की झालं. डॉक्टर म्हणाले, आजार अजून त्या ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, पूर्ण बरं होण्याची आशा चांगली आहे. सहा महिने इंजेक्शनं घ्यावी लागतील आणि नागपूरला जाऊन अठ्ठावीस दिवस लाइट घ्यावी लागेल. रेडिएशनला आमच्याकडे सगळे लाइटच म्हणतात. काका बाहेर आले आणि मला म्हणाले, "पाह्य मास्तर, मले न इचारता माह्यी प्रत ठरवून टाकली." हसले, पण खिशातून हात काही बाहेर काढला नाही.

इंजेक्शनं सुरू झाली आणि काकांच्या घरात एक निराळंच नाटक सुरू झालं. पुरुषपणाचं जे काही रसायन शरीरात तयार होतं ते या इंजेक्शनाने बंद पडतं, त्यामुळे बसल्या बसल्या त्यांच्या अंगातून वाफा निघू लागल्या, कपाळावरून घामाच्या धारा वाहू लागल्या. टीव्हीवर कुणाच्या मुलीची सासरी पाठवणी लागली तरी त्यांना रडू कोसळायचं. काकू शांतपणे पंख्याचा वेग वाढवत आणि म्हणत, "आता समजलं? पन्नाशीत मले हेच होत होतं तं तुमी म्हणत होते, तुले काहूनच एवढं गरम होऊन राह्यलं?" काकांनी टॉवेलने तोंड पुसत कबुली दिली, "चुकलं बाप्पा माह्यं." चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य आपण पहिल्यांदा ऐकलं, असं काकूंनी दुसऱ्याच दिवशी माझ्या बायकोला सांगितलं. त्या सांगताना हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या.

एकुलती एक मुलगी सुरतेला, तीही बाळंतपणाच्या तोंडावर. मला मे महिन्याची सुट्टी होती. तेव्हा सोबतीला मी गेलो. दवाखान्याजवळ एक खोली घेतली. सोमवार ते शुक्रवार नागपूर, शनिवार-रविवार एसटीने राळेगाव. या लाइटचा एक विचित्र नियम असतो. पोट साफ हवं आणि लघवीची पिशवी भरलेली हवी, म्हणजे आतले अवयव रोज एकाच जागी राहतात. त्यासाठी पाऊण तास आधी अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि धरून बसायचं. बाहेरच्या बाकावर काकांसारखेच चार-पाच म्हातारे रोज पाणी पिऊन, गुडघे जुळवून, पुढच्या भिंतीकडे बघत बसलेले असत. कुणी कुणाशी जास्त बोलत नसे. एकदा मशीन बिघडलं आणि रांग अडली. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. सगळ्यांचे चेहरे दगडासारखे झाले. तेवढ्यात काकांनी बाकावर एक नजर फिरवली आणि निकाल दिला, "आज सारा माल ओला हाये." पलीकडचे वणीचे एक खाणकामगार कळवळून ओरडले, "हसवू नका हो भाऊ, पाया पडतो!" आणि दोघं जण भिंत धरत संडासाकडे पळाले. त्यांना नंतर पुन्हा पाणी पिऊन पहिल्यापासून बसावं लागलं. तेव्हापासून तिथल्या नर्सबाई काकांना वेगळ्या बाकावर बसवू लागल्या.

काकांची खरी अडचण निराळी होती. मशीन अंगाभोवती फिरायचं, घुंघुं आवाज करायचं आणि थांबायचं. ना चटका, ना टोचणं. बोटांनी जग ओळखणाऱ्या माणसाला हे कसं पटावं? "एवढी मोठी मशीन न साधं कोमट बी लागत नाई," ते दर दिवशी म्हणत, "ढोंग तं नाई करून राह्यले हे?" आणि या अविश्वासातूनच तो प्रताप घडला. लाइट नेमकी कुठे पडावी यासाठी त्यांच्या ओटीपोटावर आणि दोन्ही बाजूंना शाईने फुल्या काढल्या होत्या. त्या पुसू द्यायच्या नाहीत, पुसट झाल्या तर लगेच आम्हाला सांगा, अशी सक्त ताकीद होती. मेचा उन्हाळा, त्यात इंजेक्शनाचा घाम. दुसऱ्या शनिवारी घरी आलो तेव्हा फुल्या जवळपास गेल्याच होत्या. काकांनी मला काही सांगितलं नाही. त्यांनी कपाट उघडलं, कापसाच्या गाठींवर खूण मारायची जुनी काळी शाई आणि कुंचा काढला, काकूंना आरसा धरायला लावला, आणि स्वतःच्या पोटावर तीन ठसठशीत फुल्या नव्याने काढल्या. वर सवयीप्रमाणे मधल्या फुलीखाली आपला जुना ग्रेडरचा मार्काही मारला: गोल आणि गोलात टिंब.

सोमवारी टेक्निशियनने गाऊन वर केला आणि तो दोन पावलं मागेच सरकला. "आजोबा, हे कोणी केलं?" काका मशीनच्या फळीवर पडल्या पडल्या अभिमानाने म्हणाले, "मीच. आयुष्यभर मार्का मारला, एक गाठ परत आली नाई." लाइटीच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. तरुण होत्या, बोलायला गोड, काकांनी पहिल्याच दिवशी त्यांची प्रत ठरवली होती: "लांब धागा, पण घाईत वेचलेला." त्या दिवशी मात्र त्या गोड बोलल्या नाहीत. त्यांनी मोजपट्टी लावली. मधली फुली मूळ जागेपासून दोन बोटं सरकली होती. सगळं स्कॅन पुन्हा करावं लागलं, दोन दिवस बुडाले, आणि गाठीची शाई ती, ती कशाने निघेना. शेवटी टेक्निशियनने जुन्या फुल्यांवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येक पट्टीवर पेनने लिहिलं, 'ही नाही'. उरलेले सगळे दिवस काका पोटावर तीन 'ही नाही' घेऊन लाइटीला जात होते. मला त्यांचा त्या दिवशी अतोनात राग आला होता, आणि खोलीवर आल्यावर मी एकटाच पोट धरून हसलोही.

काका मात्र हसले नाहीत. "दोन बोटानं एवढं काय होते?" असं त्यांनी विचारलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं: ही ग्रंथी, तिच्या एका अंगाला लघवीची पिशवी, दुसऱ्या अंगाला आतडं. "काका, रोज आधी फोटो काढून आम्ही तपासतो म्हणून वाचलात. नाहीतर तुमच्या त्या दोन बोटांत आजार सुटला असता आणि चांगलं होतं ते भाजलं असतं." काका बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत होते. रात्रीचं जेवण त्यांनी अर्धंच केलं. तिसऱ्या आठवड्यात लघवीला आग होऊ लागली, जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा मशीन ढोंग करत नाही हेही त्यांना पटलं. अठ्ठाविसाव्या दिवशी बाकावरच्या साऱ्या म्हाताऱ्यांना त्यांनी वर्धेहून आणलेली गोरसपाकाची बिस्किटं वाटली, आणि कुणाचीही प्रत न ठरवता ते बाहेर पडले.

लोकांना वाटतं, लाइट संपली म्हणजे आजार संपला. खरा जिवाला घोर तिथून पुढे. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि पीएसएच्या आकड्याची वाट पाहायची; तो खाली येऊन खालीच राहायला हवा. पहिल्या खेपेला आकडा पॉइंट एक आला. काकांनी एसटीतल्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना तो सांगितला. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेलाही तोच. चौथ्या खेपेला पॉइंट चार झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनांचा परिणाम ओसरतो आहे, एवढं वाढणारच. काकांनी मान डोलावली. पण त्या दिवसापासून चहात बोट घालणं बंद झालं. पाचव्या तपासणीची तारीख आली आणि गेली. आधी पोळा होता. मग पाऊस होता. मग गणपती होते. मग एसटीत गर्दी असते असं काकांच्या लक्षात आलं, जणू काही आजवर ते विमानाने जात होते. शेवटी एका संध्याकाळी काकू आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, ह्यायले तुमीच समजावून सांगा. हे माणूस आजारानं नाई, आकड्याच्या भेवानं मरून जाईन."

मी गेलो तेव्हा काका ओसरीवर बसले होते. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "मास्तर, ते म्हातारी आठवते तुले? मी सांगत होतो ते?" मी म्हटलं, "पंचवीस वेळा सांगितलीत, न आठवायला काय झालं?" ते म्हणाले, "मले तिचं तोंडच आठवत नाई. किती दिवस झाले, आठवून राह्यलो. कसं आठवन? पायलंच नव्हतं. एक खेप वर पाहून घेतलं असतं तं माह्यं काय गेलं असतं?" मग थोडं थांबून, "वर्षभराची मेहनत घेऊन माणूस माह्यासमोर उभं राहे. आता मी उभा हावो. कोन कवडी म्हणते का लांब म्हणते, काई आपल्या हाती नाई. तवा मले काहून नाई समजलं हे?" मी एवढंच म्हणालो, की उद्या सकाळच्या गाडीने आपण जातोय. ते लहान मुलासारखं "बरं" म्हणाले.

नागपूरला सकाळी रक्त दिलं आणि दुपारी लिफाफा हातात आला. काकांनी तो माझ्याकडे दिला. "तू वाच. पण वाचताना माह्या तोंडाकडे पाहू नको." मी भिंतीकडे बघत वाचलं, "पॉइंट नऊ." काका लगेच म्हणाले, "दुपटीच्या वर." आम्ही डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसलो. त्यांनी कागद पाहिला, मागचे कागद पाहिले. काका खुर्चीच्या कडेला टेकून बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर. आणि मी वीस वर्षांत कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ते म्हणाले, "बाई, पुन्हा एकदा पाहता का?"

ते शब्द कुठून आले ते बाईंना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. कागद बाजूला सारला आणि काकांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. "पाहू ना काका. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. लाइटीनंतर कधी कधी आकडा असा मधेच वर जातो आणि आपोआप खाली येतो. तो तसाच येईल असं मी आज सांगत नाही. वाढतच गेला तर स्कॅन करू, त्यालाही उपाय आहेत. पण एका खेपेवरून आम्ही कुणाचं काही ठरवत नाही." काकांनी दोन्ही हात जोडले. बाहेर आल्यावर ते जिन्यापाशी थांबून नाक शिंकरत राहिले आणि मी उगाच भिंतीवरची सूचना वाचत राहिलो. परतीच्या गाडीत सेलूच्या पुढे कुठेतरी ते एकदम म्हणाले, "मास्तर, तुले मी मध्यम म्हटलं होतं. पण ओढून नव्हतं पायलं बरं, दारात उभा होता तवा नुसतं डोयानं पाहून सांगतलं होतं." मला तेवढं पुष्कळ झालं.

पुढची तपासणी पौषात आहे. काकांच्या ओसरीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेभोवती एक काळा गोल आहे आणि गोलात टिंब. शाई कोणती ते मी विचारलं नाही. हे दिवस कापूस वेचणीचे. अजूनही आजूबाजूचे शेतकरी माल विकायला नेण्याआधी रुमालात मूठभर कापूस बांधून काकांना दाखवायला आणतात. परवा संध्याकाळी मी गेलो तेव्हा असाच एक जण पायरीवर उभा होता. काकांनी रुमाल सोडला, चिमूटभर कापूस घेतला आणि ओढला. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं की धागा आखूड आहे. मी तो शब्द ऐकायची वाट पाहत होतो. काकांनी मान वर केली आणि त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग आत वळून काकूंना चहा टाकायला सांगितला आणि त्याला म्हणाले, "बस बाप्पा. उभा काहून? पुन्हा एकदा पाहू."